छावणीपासून दूर

सैन्यातला शिपाई ज्या वयात निवृत्त होतो, त्या वयात मुलकी खात्यातल्या कारकुनाच्या नोकरीला जेमतेम रंग चढू लागलेला असतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती, पंधरा वर्षांच्या चाकरीनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क, आणि चाळिशीच्या आसपास गावी परत, असा त्याच्या आयुष्याचा हिशेब असतो. पलटणीत असेपर्यंत त्याच्या दातांपासून तळपायांपर्यंत सर्व देहाची काळजी लष्करी रुग्णालयाने वाहिलेली असते, बायकामुलांच्या औषधपाण्याचाही भार सरकारच्याच शिरावर असतो. परंतु मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि मोतीबिंदू ही मंडळी माणसाच्या घरी येतात ती त्याने गणवेश उतरवल्यानंतर, हे शरीरशास्त्र सरकारी नियमावलीच्या ध्यानात यायला फार वर्षे लागली.

केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांसाठी केंद्रीय आरोग्य योजना दिल्लीत १९५४ साली सुरू झाली. माजी सैनिकाला मात्र लष्करी रुग्णालयात खाट रिकामी असेल तर दाखल व्हावे, नाहीतर पदरचे पैसे मोडावेत, असाच शिरस्ता पुढे कित्येक दशके राहिला. ३० डिसेंबर २००२ रोजी ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजने’ला मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २००३ पासून ती अमलात आली. तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ‘ईसीएचएस’ म्हणतात. साऱ्या देशाने ज्यांच्या नावाने घोषणा द्याव्यात त्यांच्यासाठी ही तरतूद कारकुनांच्या मागून एकोणपन्नास वर्षांनी व्हावी, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही. पण उशिरा झालेली ही व्यवस्था रचनेने मोठी उदार आहे, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

लोक तिला सरसकट विमा म्हणत असले, तरी विम्याचा हिशेबी स्वभाव तिच्यात नाही. दरसालचा हप्ता नाही. वयाची अट नाही. पूर्वीचा आजार लपवला की सांगितला याची उलटतपासणी नाही. आणि उपचारांच्या खर्चाला रकमेची कमाल मर्यादाही नाही. निवृत्त होताना एकदाच अंशदान भरायचे, की पती-पत्नी दोघांच्याही हयातीची बेगमी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये द्यावे लागतात. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरगती मिळालेल्यांच्या विधवांना ते माफ आहे. रुग्णालयातला कक्षही हुद्द्याप्रमाणे सर्वसाधारण, निमखासगी किंवा खासगी असा मिळतो. आजारपणातसुद्धा लष्कराला हुद्द्याचा विसर पडत नाही.

ही योजना शिरूर कासारहून पाहिली म्हणजे तिचे दुसरे अंग दिसू लागते. सिंदफणेच्या काठचे हे तालुक्याचे गाव बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पाथर्डीच्या शिवेला लागून आहे. भोवतालचा मुलूख अवर्षणाचा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि ज्या पोराला कोयता नको असतो ते भरतीचा नाद धरते. अशा घरातून गेलेला आणि परतलेला गडी गावात ‘मेजर’ म्हणून ओळखला जातो, मग कागदोपत्री तो नायक असो की हवालदार. त्याच्या खिशात योजनेचे स्मार्ट कार्ड असते. ते कार्ड ज्या पॉलिक्लिनिकमध्ये चालते ते मात्र तालुक्याच्या गावी नसते. प्रारंभी देशभरात २२७ पॉलिक्लिनिके मंजूर झाली, २०१० साली त्यांत आणखी १९९ पडली. पण त्यांच्या जागा आणि श्रेणी ठरल्या त्या मुख्यतः त्या त्या ठिकाणच्या माजी सैनिकांच्या संख्येवरून. साहजिकच छावण्यांची गावे आणि जिल्ह्यांची ठाणी यांच्या वाट्याला ती आली, आणि विरळ वस्तीच्या तालुक्याच्या वाट्याला एसटीचा प्रवास आला.

रणगाडा दलाचे शिक्षण केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र जिथे आहे ते अहिल्यानगर (जुनी माणसे अजून नगरच म्हणतात) शिरूरकरांना पाथर्डीमार्गे गाठावे लागते. योजनेचा मूळ नियम असा, की आधी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरने तपासावे, त्याला गरज वाटली तर त्याने ‘रेफरल’ द्यावे, आणि तो कागद घेऊन मगच पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात जावे; तेथे रोख पैसा मोजावा लागत नाही. म्हणजे गुडघ्याचा क्ष-किरण काढायचा तरी आधी त्याच गुडघ्याने बसची पायरी चढायची. हृदयविकाराच्या झटक्यासारख्या प्रसंगी कोणत्याही रुग्णालयात थेट जाता येते, परंतु अठ्ठेचाळीस तासांच्या आत पॉलिक्लिनिकला वर्दी द्यावी लागते; रुग्णालय पॅनेलबाहेरचे असेल तर बिल आधी स्वतः भरून, मागाहून सरकारी दराने जेवढे मंजूर होईल तेवढे परत मिळवावे लागते. नेहमीच्या औषधांची गोष्ट याहून बारीक आहे. चिठ्ठीवरच्या पाच औषधांपैकी तीन खिडकीतून मिळतात आणि उरलेल्या दोहोंपुढे ‘एनए’, म्हणजे शिल्लक नाही, असा शेरा पडतो. ती बाहेरून विकत घेऊन पावती जोडून अर्ज करता येतो. पण चारशे रुपयांच्या गोळ्यांसाठी पुन्हा प्रवास, पुन्हा रांग आणि पुन्हा तगादा कोण करतो? बहुतेक घरांत ती पावती डब्यातच पिवळी पडते. अंशदान एकदाच भरायचे असे नियम म्हणतो. अंतराचे अंशदान मात्र दर महिन्याला भरावे लागते, आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

कागदांचा फेरा हा याचाच दुसरा भाग. पलटणीच्या दप्तरात शिपायाच्या बायकोचे नाव दूरच्या प्रांतातल्या एखाद्या कारकुनाने, कानाला ऐकू आले तसे, इंग्रजीत उतरवलेले असते. आधारवर ‘सखूबाई’ आहे, निवृत्तिवेतनाच्या आदेशात नुसते ‘सखू’ आहे, जन्मतारखेत दोन वर्षांचे अंतर आहे. पती हयात असतो तोवर हे कोणाला बोचत नाही. तो गेल्यावर तिला स्वतःच्या नावाचे कार्ड काढावे लागते, आणि ती हीच बाई असल्याचे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यात कागद फिरू लागतो. मुलगा पंचवीस वर्षांचा झाला, किंवा त्याआधी कमावता झाला अथवा त्याचे लग्न झाले, की योजनेबाहेर जातो. मुलगी लग्न किंवा नोकरी होईपर्यंत आत राहते. आईवडिलांचे एकत्रित उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यांच्या आत असल्याचे दाखवावे लागते. ज्या कोरडवाहू शेतात एका वर्षी कापूस पिकतो आणि दुसऱ्या वर्षी बियाणेही हाती लागत नाही, त्याच्या मालकाचे मासिक उत्पन्न कसे सांगावे, हे ठरवणाऱ्याला कोरडवाहू शेती ठाऊक नसावी.

रुग्णालयांची तक्रार निराळी आहे. त्यांची बिले ऑनलाइन तपासली जातात आणि केंद्रीय आरोग्य योजनेच्या दरांनी फेडली जातात. ते दर २०१४ साली बांधले गेले आणि फुटकळ दुरुस्त्यांवर दशकभर चालले. मोठी सुधारणा झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यातच थकबाकी साचली की रुग्णालय हात आखडते घेते, आणि ‘आज पॅनेलची खाट नाही’ हे उत्तर कार्डधारकाच्या कानी पडते.

अंतराच्या बाबतीत एक सुधारणा मात्र डोळ्यांदेखत झाली आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड ते अहिल्यानगर आगगाडी धावू लागली, आणि तिचा मार्ग याच तालुक्यातील रायमोहाहून जातो. दुखऱ्या पायांना एसटीपेक्षा ती बरी. अर्थात गाडीच्या वेळेचा आणि पॉलिक्लिनिकच्या खिडकीच्या वेळेचा मेळ ज्याचा त्यानेच घालायचा.

पहाटे शिरूरच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या पोरांचा प्रश्न आता याहून वेगळा झाला आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने भरती होणाऱ्या अग्निवीराला सेवेच्या चार वर्षांत लष्करी रुग्णालय खुले असते आणि ४८ लाखांचा आयुर्विमाही असतो. परंतु त्यांपैकी जास्तीत जास्त एकचतुर्थांश जणच पुढे नियमित सेवेत घेतले जायचे आहेत; बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही आणि ईसीएचएसही नाही. गावी परतलेल्या त्या तेविशी-चोविशीच्या माजी शिपायाला आजारपणात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार राहील. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांची मर्यादा आहे, आणि ती कधीही सैन्यात न गेलेल्या त्याच्या शेजाऱ्यालाही तशीच लागू आहे.