रिद्धपुरातील श्रद्धा आणि चिकित्सा

अकोल्याहून अमरावती मागे टाकून मोर्शी तालुक्यात शिरले की रिद्धपूर लागते. तिकडे युरोपात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस १२७४मध्ये वारला. श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ त्याने लॅटिनमध्ये घातला होता. त्याच सुमारास महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांनी उत्तरापंथ, म्हणजे उत्तरेची वाट धरली, त्यांचे अनुयायी रिद्धपुरात स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्यापाशी एकवटले आणि तोच मेळ वऱ्हाडात मराठीतून बसू लागला.

म्हाइंभट मुळात गाढे शास्त्री. ते चक्रधरांना शरण गेले, पण चिकित्सा त्यांनी सोडली नाही. चक्रधरांच्या आठवणींचे लीळाचरित्र लिहिताना, म्हणजे सुमारे १२७८मध्ये, ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना गाठून त्यांनी विचारपूस केली आणि चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांकडून आठवणी पडताळून घेतल्या. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली. शिष्यांनी स्मरणातून पाठ उभे केले. ते जुळेनात, तेव्हा कुणाचाही पाठ खोडला नाही. वेगळा पाठ ‘वासना’ म्हणून, तर खुलासा ‘शोधु’ म्हणून पोथीतच नोंदवला. स्वामींच्या शब्दावर निष्ठा होती, म्हणूनच ही काटेकोर छाननी झाली.

नागदेवाचार्यांचे शिष्य केसोबास यांच्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा लावलेला अर्थ, केसोबासांचे. जन्मांधांपैकी प्रत्येकाच्या हाती हत्तीचे एकेकच अंग लागते आणि तो तेवढ्यालाच हत्ती समजतो, ही कथा स्वामींची. तिचा परमेश्वराच्या ज्ञानाशी संबंध जोडणे हे शिष्याचे काम. आप्तवचन कुठे संपते आणि विवरण कुठे सुरू होते, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते. केसोबासांना संस्कृतात लिहायचे होते. म्हाताऱ्याकोताऱ्या बाया त्याला मुकतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. ज्ञानाचा हक्क कुणाचा, हा प्रश्न त्या नकाराने निकालात काढला.

दुर्दैवाने पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेल्या. पंथात भाष्ये वाढत राहिली, बाहेरच्यांना मात्र दार बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा जाहीर केला. यवतमाळचे य. खु. देशपांडे, मग ह. ना. नेने, आणि बुलडाणा जिल्ह्यातले वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. कोलत्यांचे लीळाचरित्र १९७८मध्ये छापून निघाले.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तिथे लीळाचरित्राची गोडी लागावीच, पण त्याहून अगत्याने ‘शोधु’ आणि ‘वासना’ यांची शिस्त शिकवली जावी. ज्या वचनावर जीव आहे, त्याचेही पाठभेद नावानिशी मांडायचे आणि न पटलेला पाठही पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा, हे धैर्य वऱ्हाडाने तेराव्या-चौदाव्या शतकात दाखवले होते. आजच्या आपल्या वादांना त्याचीच गरज आहे.