कॉलेजची फी आणि जकातीचा हिशेब

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की जोगेश्वरी, घाटकोपर, मालाडच्या मशिदींबाहेर पावतीपुस्तके घेतलेली माणसे दिसू लागतात. कोणी मदरशासाठी, कोणी अनाथ मुलांसाठी. हे दिवस जकातीचे. साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी बचत ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने बचतीतला अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा. लाखाला अडीच हजार. जकातीला रमजानच हवा असे नाही, पण या महिन्यात पुण्य अधिक म्हणून बहुतेक घरांत हिशेब आताच होतो.

दुसरा हिशेब जूनमध्ये होतो, कॉलेजच्या फीचा. उपनगरांतल्या अनेक कॉलेजांत आता एकाच इमारतीत दोन कॉलेजे नांदतात. अनुदानित वर्गांतल्या शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून तिथे फी कमी. शेजारच्या विनाअनुदानित वर्गाचा सगळा खर्च मुलांच्या फीतून निघतो, म्हणून ती कित्येक पट. नोकरी लवकर मिळेल म्हणून मुले धावतात ती या दुसऱ्या वर्गाकडे. रिक्षा चालवणाऱ्या बापाने पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरली, तरी दुसऱ्या वर्षी बहिणीचा प्रवेश की भावाची फी, असा पेच पडतो.

ही फी भरायची कोणी? अंधेरी-जोगेश्वरीच्या लोकांना या प्रश्नाचे एक उत्तर रोज हायवेवरून दिसते. जहाजांच्या धंद्यातले सर महंमद युसूफ यांनी १९१४ मध्ये मुस्लिम मुलांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले, तेही स्वतःचा ट्रस्ट न काढता सरकारच्या हाती. सरकारने सावकाशीने, १९३० मध्ये, जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज उघडले. सोळा वर्षे लागली हे खरे, पण देणाऱ्याची दूरदृष्टी त्यात दिसते. दात्याने एकदाच दिले आणि दरवर्षीचा खर्च सरकारवर आला. आज तिथे सर्व धर्मांची मुले शिकतात.

सरकारी पैसा म्हणजे तरी कोणाचा? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर हाच मुद्दा मांडला होता. महसूल भरतो शेतकरी, त्याची मुले प्राथमिक शाळेतही नाहीत आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गाची मुले. रिक्षावाला साबण घेतो, मोबाईलचे रिचार्ज करतो, तेव्हा करही भरतो. त्याच्या मुलाने अनुदानित बाकावर बसणे हे उपकार नव्हेत.

सरकारची सवलत आहे, पण तिला कागद लागतात. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मात्र ओबीसी दाखल्यासाठी १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. झोपडपट्टीतून झोपडपट्टीत हललेल्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला कुठून सापडणार? पावतीपुस्तकांच्या शेजारी एखाद्या जाणकाराने टेबल मांडून असे दाखले काढून दिले, तर शंभर वर्गण्यांचे काम होईल.

उरलेल्या तुटीसाठी जकात आहे. हनफी मताप्रमाणे जकातीची रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. त्यामुळे कॉलेजची इमारत किंवा प्राध्यापकाचा पगार जकातीतून होत नाही, पण विद्यार्थ्याच्या हाती दिलेली फी, पुस्तके, लोकलचा पास चालतो. आपल्या मुलाला किंवा नातवाला जकात देता येत नाही. गरजू पुतण्याला किंवा भाचीला देता येते. मूल सज्ञान असेल तर त्याची स्वतःची ऐपत पाहतात. जकात गरजू मुसलमानांसाठी आहे, तर ऐच्छिक सदका शेजारच्या कोणत्याही धर्माच्या मुलाला देता येतो. जकातीला अशी कुंपणे आहेत म्हणूनच ती सरकारची जागा घेऊ शकत नाही. समाज फी भरतोय म्हणून सरकारने अनुदान आवरते घेतले, तर टेकडीवरच्या त्या देणगीचा अर्थच उलटा होईल.

कर्जाची वाट अनेक घरे टाळतात, कारण व्याज निषिद्ध. त्यावर जुना उपाय कर्जे-हसना, बिनव्याजी उसनवारी. मुलगा नोकरीला लागला की फेडतो, तीच रक्कम पुढच्याच्या फीला जाते. पण असे देणारे थोडे आणि परतफेडीची लाज बाळगणारे त्याहून थोडे, हेही बोलले पाहिजे.

राहिली वेळेची अडचण. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ मध्ये तो ऐन प्रवेशाच्या दिवसांत, जूनमध्ये आला होता. २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला. फी भरायच्या वेळी जकात वाटून झालेली असते. मात्र जकात आगाऊ देण्याची मुभा आहे. जूनमध्ये एखाद्या मुलीची फी भरावी, वहीत तारीख लिहावी आणि पुढच्या रमजानच्या हिशेबातून तेवढी रक्कम वजा करावी.