पाकिटातलं दूध, पावडरीचं दूध

ऐन वेळी दूध नासतं, पाहुणे दारात येतात आणि फडताळात दूध पावडरीचं पाकीट असतं. तरीही ‘ते काही खरं दूध नव्हे’ म्हणत घरातल्या कुणाला तरी भर उन्हात डेअरीकडे पिटाळलं जातं. या पावडरीबद्दलचे चार समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : पावडर म्हणजे रसायनांपासून केलेलं नकली दूध.

वस्तुस्थिती : गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. दूध निर्जंतुक करून आटवतात, मग गरम हवेत त्याचे तुषार उडवतात. पाणी उडून जातं, भुकटी खाली बसते. म्हशीच्या दुधाची अशी भुकटी होणारच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. गुजरातमधल्या आणंदचे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली तिथे कारखाना सुरू झाला. पुढे १९७० पासूनच्या ऑपरेशन फ्लड या दूधविकास योजनेत युरोपातून मदत म्हणून आलेल्या पावडरीचं दूध मुंबईकरही प्यायले. प्रथिनं आणि कॅल्शियम पावडरीत टिकतात. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात.

गैरसमज : कुठलंही पाकीट चालतं.

वस्तुस्थिती : स्किम्ड पावडरीत स्निग्धांश जेमतेम दीड टक्का असतो, होल मिल्क पावडरीत २६ टक्क्यांच्या पुढे. चहासाठीच्या डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर असते. त्याचं सूप किंवा व्हाइट सॉस गोड होतो. त्यामुळे पाकिटामागचा मजकूर वाचायलाच हवा.

गैरसमज : उकळत्या पाण्यात टाकली की पावडर लगेच विरघळते.

वस्तुस्थिती : उलट गुठळ्या होतात. वरचा थर भिजून चिकट होतो आणि आतली भुकटी कोरडीच राहते. आधी वाटीत पावडर घ्यावी, थोडंसं कोमट पाणी घालून चमच्याच्या पाठीने एकजीव गंध करावं आणि मगच उरलेलं पाणी घालावं. एक लिटर दुधासाठी होल मिल्क पावडर साधारण १२५ ग्रॅम, स्किम्ड १०० ग्रॅम लागते.

गैरसमज : पावडरीने पदार्थ बिघडतोच.

वस्तुस्थिती : ते पदार्थावर अवलंबून आहे. विरजण लावण्यापूर्वी लिटरभर दुधात दोन चमचे पावडर मिसळली, तर दही घट्ट लागतं. खव्याऐवजी पावडरीचे गुलाबजामही छान होतात. फक्त ते लवकर लाल होतात, म्हणून तूप मंद आचेवरच ठेवावं, नाहीतर बाहेरून करपून आत पीठ कच्चं राहतं.

पनीर मात्र स्किम्ड पावडरीचं करू नये, स्निग्धांश नसल्याने त्याला मऊपणा येत नाही. खरवसाचंही तसंच. चीक नुसत्या वाफेवर घट्ट होतो, कारण त्यात प्रथिनं भरपूर असतात. पावडरीचा ‘खरवस’ दही किंवा चायना ग्रास घालूनच जमवावा लागतो.

कालवलेलं दूध ताज्या दुधाइतकंच नाशवंत आहे. ते फ्रिजमध्ये ठेवून दिवसभरात संपवावं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ही स्वयंपाकाची पावडर कालवून कधीही देऊ नये.