रिख्तर आणि समोरची स्वरलिपी

स्व्यातोस्लाव रिख्तर (१९१५–१९९७) हे विसाव्या शतकातले थोर पियानोवादक. पण त्यांचे शिक्षण चाकोरीतून झालेच नाही. वडील तेओफिल जर्मन वंशाचे. ते ओडेसाच्या संगीत विद्यालयात शिकवत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. मुलाला पहिले धडे त्यांनीच दिले. मुलाने मात्र बोटांच्या व्यायामांना हात लावला नाही. आवडेल ती स्वरलिपी उघडायची आणि वाचत वाजवायची, एवढीच त्याची तालीम. वाग्नरचे ऑपेरे त्याने असेच पियानोवर वाचून काढले. पुढे ओडेसाच्या ऑपेरात गायकांची तयारी करून घेण्याचे काम मिळाले. तिथे अख्ख्या वाद्यवृंदाचे संगीत दहा बोटांत बसवावे लागते, तेही गायकाचा श्वास सांभाळून. एवढी कसदार शाळा दुसरी नसेल. १९३४ मध्ये ओडेसातच शोपँच्या रचनांचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम झाला.

१९३७ मध्ये, बावीस वर्षांचे असताना, रिख्तर मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत हाइनरिख नॉयहाउस यांच्याकडे आले. राहायला जागा नव्हती, तेव्हा ते गुरूच्या घरी पियानोखाली झोपत. राजकीय विषयांच्या तासांना बसत नाहीत म्हणून त्यांना दोनदा काढून टाकण्यात आले. दोन्ही वेळा नॉयहाउस यांच्यामुळे ते परतले. या शिष्याला शिकवण्यासारखे आपल्याकडे फारसे नाही, असे नॉयहाउस म्हणत. ते फार मनावर घेऊ नये. सूर गाता कसा ठेवावा आणि शांतता कशी ऐकवावी, हे रिख्तर त्यांच्याकडेच शिकले. लिस्टच्या बी मायनर सोनाटापूर्वी ते मनात सावकाश तीसपर्यंत आकडे मोजत. सभागृह अस्वस्थ होई आणि मग पहिला सूर येई.

पुढची कारकीर्द सर्वश्रुत आहे. १९४३ मध्ये प्रोकोफिएव्हच्या सातव्या सोनाटाचे पहिले वादन, १९४५ मध्ये अखिल सोव्हिएत स्पर्धेत पहिले पारितोषिक, १९६० मध्ये अमेरिकेचा पहिला दौरा. वडिलांना १९४१ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या होत्या आणि आई जर्मनीत होती. त्यामुळे पश्चिमेची दारे उशिरा उघडली.

रिख्तर यांची मेहनतीची रीत साधी होती. एक पान घ्यायचे. ते बसल्याशिवाय दुसरे उलटायचे नाही. सातवा सोनाटा त्यांनी चार दिवसांत बसवला. वादक हा रचनाकाराचा आरसा, लिहिले आहे तेवढेच नेमके वाजवावे, हे त्यांचे मत. रचनांच्या निवडीतही ते कुणाचे ऐकत नसत. बेथोव्हेनच्या पाच पियानो कन्चेर्तोंपैकी त्यांनी पहिला आणि तिसराच वाजवला.

लिहिले आहे तेवढेच वाजवावे, या मताचा खरा कस लागला तो १९८० नंतर. एकोणिसाव्या शतकात लिस्ट आणि क्लारा शुमान यांनी पाठांतराने वाजवण्याचा पायंडा पाडला आणि तोच पुढे पियानोवादकाच्या मोठेपणाचा पुरावा ठरला. रिख्तर यांनी तो मोडला. कारण शारीरिक होते. प्रत्येक सुराची नेमकी पट्टी ओळखणारा त्यांचा कान उतारवयात बिघडला आणि सूर प्रत्यक्षापेक्षा वरचे ऐकू येऊ लागले. बोटे एका पट्टीत, कान दुसऱ्या; मग स्मरणशक्तीवर विसंबणार कसे? रिख्तर यांनी मात्र या अडचणीचे तत्त्व केले: स्वरलिपी समोर असली की वादक लबाडी करत नाही. सभागृहात अंधार, पियानोवर एकच दिवा, शेजारी पाने उलटणारा. लोकांनी वादकाच्या चेहऱ्याकडे पाहू नये, संगीत ऐकावे, हा हेतू. त्या काळातल्या वादनात चकचकाट कमी आणि बांधणी जास्त स्पष्ट आहे. अनेकांना तरुण रिख्तर प्रिय असले, तरी हे उत्तरपर्व अधिक मोलाचे ठरते.

मोठ्या सभागृहांचाही सोस सुटला होता. फ्रान्समध्ये तूरजवळ तेराव्या शतकातल्या एका धान्यकोठारात त्यांनी १९६४ मध्येच महोत्सव सुरू केला होता. १९८६ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते मोटारीने सायबेरियात निघाले आणि सभागृहही नसलेल्या गावांत वाजवत गेले. सहा महिन्यांत सुमारे दीडशे कार्यक्रम झाले.

शेवटचे जाहीर वादन मार्च १९९५ मध्ये जर्मनीत ल्युबेकला झाले. १ ऑगस्ट १९९७ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात त्यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये सुरू झालेला ‘डिसेंबरच्या संध्याकाळी’ हा महोत्सव त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाने चालू राहिला.