फिलाडेल्फियातील चार महिने

१७८१ मध्ये लागू झालेल्या राज्यांमधल्या पहिल्या करारनाम्यात अमेरिकी काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांनी दिले तरच तिजोरीत पैसे. मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या १७८६ च्या उठावाने ही दुर्बलता उघडी पाडली. ती दूर करण्यासाठी मे १७८७ पासून फिलाडेल्फियात राज्यांचे ५५ प्रतिनिधी जमले. चर्चा बाहेर फुटू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून बैठका चालल्या. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार आणि सिनेटमध्ये सर्व राज्यांना समान जागा, असा तोडगा निघाला. गुलामांची तीन-पंचमांश गणना हा मात्र तिथे घडलेल्या संविधानावरचा डागच: मताचा हक्क नसलेल्या माणसांच्या बळावर दक्षिणेच्या जागा वाढल्या. १७ सप्टेंबरला ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर या नवव्या राज्याच्या मंजुरीने संविधान पक्के झाले. नागरिकांच्या हक्कांच्या १० दुरुस्त्या १७९१ मध्ये जोडल्या गेल्या.