विश्लेषण : नव्या घराच्या खिडक्यांना फिल्म लावताना काय पाहावे?

नव्या इमारतींमध्ये खिडक्या जवळपास भिंतभर झाल्या आहेत. उजेड वाढला, पण पश्चिमेकडची खोली एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर भट्टीसारखी तापते आणि समोरच्या इमारतीतून घरात थेट दिसते. त्यामुळे ताबा मिळताच अनेक जण ‘काळी फिल्म’ मारून घेतात. निवड चुकली तर खोली अंधारते, उकाडा तसाच राहतो आणि प्रसंगी काचही तडकते.

काचेतून नेमके काय आत येते?

सूर्याच्या ऊर्जेत साधारण निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, त्याहून थोडा कमी दृश्य प्रकाशाचा आणि काही टक्के अतिनील किरणांचा असतो. साधी पारदर्शक काच यातील बरीचशी ऊर्जा आत सोडते. ती फरशी, भिंती आणि सामान शोषून घेतात व खोली तापते. आतला पडदा डोळ्यांवरचे ऊन अडवतो. मात्र तोवर बरीच उष्णता काचेच्या आत आलेली असते. दर्जेदार फिल्म, अगदी पारदर्शक असली तरी, सुमारे ९९ टक्के अतिनील किरण अडवते. त्यामुळे सोफा, पडद्यांचे रंग विटणे मंदावते. पण पूर्ण थांबत नाही, कारण प्रकाश आणि उष्णतेनेही रंग उडतो.

कोणते आकडे पाहायचे?

उत्पादनाच्या माहितीपत्रकात दोन आकडे महत्त्वाचे. ‘व्हीएलटी’ म्हणजे किती टक्के उजेड आत येतो आणि ‘टीएसईआर’ म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के अडते. दुकानात अनेकदा तापलेल्या दिव्यासमोर फिल्म धरून ‘९५ टक्के उष्णता अडते’ असे दाखवले जाते. हा आकडा बहुधा फक्त अवरक्त किरणांचा, म्हणजे जवळपास निम्म्या ऊर्जेचाच असतो. त्यामुळे तुलना ‘टीएसईआर’चीच करावी. काच आधीच रंगीत असेल तर हिशेब बदलतो. ५० टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर ५० टक्क्यांचीच फिल्म लावल्यास आत जेमतेम २५ टक्के उजेड येतो. पावसाळ्यात मग भरदिवसा दिवे लावावे लागतात.

काळी फिल्म म्हणजे जास्त थंडावा?

तसे नाही. स्वस्त रंगवलेली फिल्म ऊर्जा शोषून स्वतः तापते आणि त्यातील काही उष्णता आत सोडते. धातूचा थर असलेली आरशासारखी फिल्म ऊन परत फेकते. दिवसा बाहेरून आतले दिसतही नाही. पण रात्री घरात दिवे लागले, की उलट होते. बाहेरच्यांना सारे दिसते आणि घरच्यांना काचेत स्वतःचेच प्रतिबिंब. म्हणजे पडदे लागतातच. सिरॅमिक फिल्म उजेड फारसा कमी न करता उष्णता अडवते. पण ती महाग असते.

सगळ्या खिडक्यांना लावावी का?

गरज नाही. नागपूरला मेअखेरीस भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा असेल तर उन्हाळ्यात तिथे थेट ऊन फारसे येत नाही. येते ते हिवाळ्यात, तेव्हा ते हवेसेच असते. पश्चिमेचे ऊन तिरपे असल्याने छज्जा त्याला पुरत नाही. म्हणून पहिला खर्च पश्चिमेच्या खिडक्यांवर, मग पूर्वेच्या.

काच का तडकते?

फिल्ममुळे काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेल्या कडा मात्र थंड राहतात. या फरकाने ताण येतो. साधी काच, कडेला टवका आणि अर्ध्या भागावर सावली असेल तर धोका वाढतो. टफन केलेली काच हा ताण बऱ्यापैकी सोसते. दुपदरी काचेवर आतून गडद फिल्म लावणे जोखमीचे. म्हणून काच कोणती, हे बिल्डरकडून लेखी घ्यावे आणि फिल्ममुळे काचेची हमी रद्द होते का, तेही विचारावे.

परवानगी लागते का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर घातलेली बंदी वाहनांसाठी आहे, घरांसाठी नाही. मात्र इमारतीच्या दर्शनी भागाबाबत सोसायटीचे नियम असू शकतात. चकाकणारी फिल्म लावण्यापूर्वी सोसायटीला विचारलेले बरे.

कधी लावावी?

रंगकाम, पॉलिश आणि सुतारकाम आटोपल्यावरच. धुळीचा कण फिल्मखाली अडकला, तर तो कायमचा राहतो. लावल्यानंतर पाण्याचे फुगे दिसू शकतात. फिल्म पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात. तोवर काच पुसू नये आणि नंतरही अमोनियायुक्त क्लीनर टाळावा.

दुसरा पर्याय काय?

फिल्म फक्त बंद खिडकीत उपयोगी पडते. दुपारी खिडक्या उघड्याच राहणार असतील तर तिच्यावरचा खर्च वाया. अशा घरात काचेच्या बाहेर लावलेली बांबूची चिक किंवा सावलीची जाळी अधिक कामाची, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. फिल्मच हवी असेल तर आधी एकाच खिडकीला लावून दुपारचा उकाडा, उजेड आणि रात्रीचा आडोसा तपासावा. मग उरलेल्या खिडक्यांचे ठरवावे.