प्रयोग तर झाला, शिकणं झालं का?

जयपूरला जाल तेव्हा हवामहल बघून झाला की जवळच्या जंतरमंतरला नक्की जा. ऊन चांगलं पडलेलं असताना सम्राट यंत्रापाशी उभे राहा. साधारण २७ मीटर उंचीच्या त्या त्रिकोणी भिंतीची सावली शेजारच्या वक्र पट्टीवर पडलेली दिसेल. मुलांना त्या सावलीच्या कडेवर नजर ठेवायला सांगा. एका मिनिटात ती सहा सेंटिमीटरांहून जास्त सरकते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ते असं डोळ्यांसमोर घडताना बघणं वेगळं.

ही वेधशाळा उभारणारे सवाई जयसिंह यांची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि मापं चुकतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी दगड-चुन्याची मोठी यंत्रं बांधली. पण आपली मोठी यंत्रं म्हणजे बरोबरच, असंही त्यांनी मानलं नाही. दिल्लीची निरीक्षणं खरी आहेत का, हे पडताळायला जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन इथेही वेधशाळा उभ्या केल्या. युरोपातून फिलिप द ला हिर यांची कोष्टकं मागवली, ती आकाशाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक दाखवून दिली. त्यांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे पंडित महाराष्ट्रातले मानले जातात. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली.

थोडक्यात, करून बघायचं आणि मग केलेलं बरोबर आहे का, तेही तपासायचं. आपल्या मुलांच्या शाळेत यातलं पहिलं काम आता जोरात सुरू आहे. दुसऱ्याचं काय?

उत्साह दिसतो, शिकणं दिसत नाही

२०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन सुरू झालं आणि सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभरात अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. त्यासाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. खासगी शाळांत रोबोटिक्सचे तास असतात, सुट्टीत विज्ञान शिबिरं असतात, घरी मागवायचे किट असतात. मूल घरी येतं ते हातात दिवा लागणारी गाडी घेऊनच. आपण फोटो काढतो, आजी-आजोबांना पाठवतो. सगळे खूश.

मुलांना हाताने करायला आवडतं, यात शंकाच नाही. पण आवडणं म्हणजे समजणं नव्हे. गाडीचा दिवा लागला, पण एक तार काढली तर काय होईल, हे मूल सांगू शकतं का? महिन्याभराने सांगू शकेल का? हे फोटोत दिसत नाही. ते बघण्यासाठी शिक्षक आणि संशोधक यांना एकत्र बसावं लागतं. आपल्या देशात हे झालं आहे, आणि त्यातून जे कळलं ते प्रत्येक पालकाच्या उपयोगाचं आहे.

होशंगाबादचा धडा

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम) १६ शाळांमध्ये एक वेगळा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला आले. सहावी ते आठवीची मुलं स्वस्त साहित्य घेऊन गटागटाने प्रयोग करायची आणि निष्कर्ष स्वतः लिहायची. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात तयार उत्तरं नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती आणि प्रयोगही करून दाखवावा लागे. प्रश्न पडला तर मुलं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक मित्राला पत्र लिहीत, आणि त्यांना उत्तरही येई.

यात शिक्षक नुसते हुकूम पाळणारे नव्हते. दर महिन्याला ते एकत्र जमत, वर्गात कुठला प्रयोग फसला ते सांगत. त्यांच्या अनुभवावरून पुस्तकाचे धडे बदलत गेले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. विरोधक बोर्डाच्या निकालाकडे बोट दाखवत होते. कार्यक्रमाच्या बाजूचे लोक मुलांच्या विचार करण्याच्या, प्रयोग करण्याच्या क्षमतेबद्दल बोलत होते. एक जण वजन सांगतोय आणि दुसरा उंची, अशी ती गत होती. कार्यक्रम कितीही चांगला असला तरी त्यातून काय मिळायला हवं आणि ते कसं मोजायचं, हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवलेलं नसेल, तर तो टिकवणं अवघड जातं.

खेळले, जिंकले, पण...

दुसरी गोष्ट दिल्लीची. मुंबईत १९९५ साली सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था दिल्लीच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवत होती. एलिझाबेथ स्पेल्के यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञ आणि एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञ या संस्थेबरोबर कामाला लागल्या. त्यांनी छोट्या मुलांसाठी गणिताचे खेळ तयार केले. कुठल्या पत्त्यावर ठिपके जास्त आहेत, कुठला आकार बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, असे ते खेळ. आकडे लिहायचे नाहीत, पाढे म्हणायचे नाहीत.

२१४ बालवाड्यांतली १,५४० मुलं यात होती. बालवाड्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाने चार महिने गणिताचे खेळ खेळले. दुसऱ्याने तितकेच मजेचे, पण गणित नसलेले खेळ खेळले. तिसऱ्याचा नेहमीचा कार्यक्रम चालू राहिला. दुसरा गट कशाला, असं तुम्हाला वाटेल. मुलांची प्रगती नुसत्या नवलाईमुळे किंवा जास्त लक्ष मिळाल्यामुळे झाली की खरोखर गणिताच्या खेळांमुळे, हे त्याच्यावरूनच कळतं.

निकाल २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांची संख्या आणि आकार यांची अंदाजाची समज सुधारली आणि ती वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर आकडे वाचणं, बेरीज-वजाबाकी करणं यात ही मुलं इतरांच्या पुढे नव्हती.

चार महिन्यांनी टाळ्या वाजवून सगळे घरी गेले असते, तर हे कळलंच नसतं. मुलं वर्षभराने पुन्हा तपासली, म्हणून नेमकं काय कमी पडलं ते दिसलं. खेळातल्या ठिपक्यांपासून वहीतल्या आकड्यापर्यंतचा पूल कुणीतरी बांधून द्यावा लागतो. तो आपोआप तयार होत नाही.

सरासरीच्या आड कोण?

पुन्हा राजस्थानात येऊ. इथल्या १५ सरकारी मॉडेल स्कूलमध्ये सहावी ते आठवीच्या दीड हजार मुलांबरोबर संगणकावर गणित शिकण्याचा एक अभ्यास झाला. इथे हाताने करायचे प्रयोग नव्हते, पण तपासणीचा धडा तोच. काही मुलांना त्यांच्या इयत्तेचीच गणितं दिली. काहींना ज्याची त्याची खरी पातळी बघून, गरज असेल तर मागच्या इयत्तांची गणितं दिली. सरासरी काढली तेव्हा दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. पण सगळ्यात मागे पडलेली मुलं वेगळी काढून पाहिली, तर पातळीप्रमाणे शिकण्याचा त्यांना स्पष्ट फायदा झालेला होता.

वर्गाचा सरासरी आकडा बघून आपण 'उपयोग नाही' असं म्हणालो असतो, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्याच हातून ती गोष्ट गेली असती. उलटंही होतं. हुशार चार मुलं किट ताब्यात घेतात, बाकीची बघत राहतात, आणि सरासरी छान दिसते.

म्हणूनच या कामात शिक्षक हवेत. नमुना किती घ्यायचा, तुलना कशी करायची, हे संशोधकाला येतं. पण मागच्या बाकावरची मुलगी प्रयोगाच्या तासाला गप्प का असते, हे बाईंनाच माहीत असतं. आणि शिक्षकांना ही तपासणी म्हणजे आपल्यावरची चौकशी वाटली, तर ते फक्त चांगलं तेवढंच दाखवतील. परीक्षा कार्यक्रमाची आहे, बाईंची नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं.

तुम्ही काय विचाराल?

शाळेने नवा प्रयोगशील कार्यक्रम आणला, त्याची फी वेगळी लावली, तर पालकसभेत हे चार प्रश्न शांतपणे विचारा:

• या कार्यक्रमातून मुलांना नेमकं काय यायला हवं? 'विज्ञानाची गोडी' हे उत्तर अपुरं आहे.

• सुरुवातीला मुलांना काय येत होतं, हे पाहिलं आहे का? नाहीतर शेवटी तुलना कशाशी करणार?

• कार्यक्रम संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघणार का?

• मागे पडणाऱ्या मुलांचं काय झालं, हे वेगळं बघणार का? मुलींच्या हातात साहित्य किती वेळ असतं?

यातला एकही प्रश्न शाळेला अडचणीत आणण्यासाठी नाही. चांगल्या शाळेला ते आवडतील. जवळच्या बी.एड. कॉलेजातले किंवा विद्यापीठातले अभ्यासक अशा कामात शाळेला साथ देऊ शकतात. त्यांना बोलवा, असंही तुम्ही सुचवू शकता.

घरी करायची तपासणी तर अगदी सोपी आहे. मुलाने शाळेत विजेरी, तार आणि दिवा यांचा प्रयोग केला असेल, तर आठवडाभर काहीच बोलू नका. मग रविवारी तीच वस्तू न देता घरातली जुनी बॅटरी समोर ठेवा आणि विचारा, "याच्यात सेल उलटा घातला तर काय होईल? का?" आधी अंदाज सांगू दे, मग करून बघू दे. अंदाज चुकला तरी रागावू नका, उत्तरही लगेच सांगू नका. "मग असं का झालं असेल?" एवढंच विचारा आणि त्याला विचार करायला भरपूर वेळ द्या.